कंपनीचे दार ठोठावण्याआधी

आमच्या टेबलाच्या खणात एक फोटो आहे. तो आम्ही छापलेला नाही, आणि एवढ्यात छापणारही नाही.

फोटोत आपल्याच वस्तीतला एक तरुण आहे. आयटीआय झालेला, औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये लेथवर काम करणारा. त्याच्या हातात त्याने स्वतः बनवलेली एक वस्तू आहे. एका रविवारी विहारातून तो थेट आमच्याकडे आला. आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली वस्तू त्याने टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "जय भीम साहेब. एवढं आपल्या पेपरात येऊ द्या. पुढच्या महिन्यात एका कंपनीच्या साहेबांनी वेळ दिलीय. कात्रण दाखवलं तर जरा वजन पडेल."

वस्तू आम्ही चालवून पाहिली. खरोखरच कामाची आहे. दोन वर्षे रात्री जागून, स्वतःच्या पगारातून सामान आणून त्याने ती केली. पण ती वस्तू काय आहे, हे आम्ही येथे लिहिणार नाही. का लिहिणार नाही, हे सांगण्यासाठीच हा लेख आहे.

काही वर्षांपूर्वी लोहारकाम करणाऱ्या एका काकांनी एक नवे अवजार केले होते. आम्ही मोठ्या अभिमानाने त्यांचा फोटो छापला. अवजार कसे चालते, कोणता भाग कोठे बसतो, मापे काय, सगळे लिहिले. काकांनी ते कात्रण चौकटीत बसवून भिंतीवर लावले. पुढे कोणीतरी त्यांना पेटंटचा सल्ला दिला. ते कात्रण घेऊन पेटंट एजंटकडे गेले. एजंटने आधी कात्रणावरची तारीख पाहिली आणि मान हलवली. अर्जाच्या दिवशी शोध नवा असावा लागतो. स्वतःच्या संमतीने सगळी माहिती आधीच छापून आली असेल, तर कायद्याच्या दृष्टीने तो नवा उरत नाही. काकांच्या वाटेतला धोंडा कोणत्या कंपनीने टाकला नव्हता. तो आमच्या अंकाने टाकला होता. काका आम्हाला एका शब्दाने बोलले नाहीत. पण ती चूक आमची होती, आणि ती आम्ही विसरलेलो नाही.

म्हणून या तरुणाला आम्ही सांगितले, "बाळा, फोटो राहू दे आमच्याकडे. आधी कंपनीला फोन कर आणि भेट महिनाभर पुढे ढकल."

विकणे वेगळे, परवाना देणे वेगळे

आपल्याकडे हाताचे कसब पिढ्यान्‌पिढ्या आहे. कमी पडतो तो कागद. वस्तू बनवणाऱ्याने स्वतःच कारखाना काढला पाहिजे असे नाही. तो आपला शोध एखाद्या कंपनीला वापरायला देऊ शकतो आणि प्रत्येक नगामागे ठरलेला हिस्सा घेऊ शकतो. या हिश्शाला रॉयल्टी म्हणतात आणि अशा कराराला परवाना करार.

आपली खोली भाड्याने देण्यासारखेच हे आहे. खोली आपली राहते, भाडेकरू भाडे देतो, मुदत संपली की खोली परत. शोध कायमचा विकणे म्हणजे मात्र खोलीचे खरेदीखत करून देणे. एकदा सही झाली की संपले. दोन्ही व्यवहार कायदेशीर आहेत. पण आपण कोणत्या कागदावर सही करतो आहोत, हे सही करण्याआधी कळले पाहिजे.

लॉनी जॉन्सनची गोष्ट

हा मार्ग चालून गेलेल्या एका माणसाची गोष्ट आम्ही त्या तरुणाला सांगितली. तीच वाचकांनाही सांगतो.

लॉनी जॉन्सन हा अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या मोबिल शहरातला कृष्णवर्णीय मुलगा. जन्म १९४९ चा. काळ्यांच्या आणि गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या असण्याचा तो काळ. १९६८ साली अलाबामा विद्यापीठात भरलेल्या विज्ञान स्पर्धेत त्याने भंगारातल्या वस्तू जोडून केलेला, दाबलेल्या हवेवर चालणारा यंत्रमानव नेला. स्पर्धेत तो एकटाच कृष्णवर्णीय विद्यार्थी होता. पहिले बक्षीस त्यालाच मिळाले. पुढे टस्कीगी येथे शिकून तो अभियंता झाला आणि अमेरिकेच्या अंतराळ कार्यक्रमावर काम करू लागला.

१९८२ साली घरच्या न्हाणीघरात तो पाण्यावर चालणाऱ्या उष्णता-पंपाचा प्रयोग करीत होता. नळाला जोडलेल्या तोटीतून पाण्याची जोरदार धार खोलीभर गेली. यातून मुलांसाठी पाण्याची उत्तम पिचकारी होईल, असे त्याच्या मनात आले. त्याने नमुना बनवला. कंपन्यांकडे धावण्याऐवजी १९८३ मध्ये पेटंटचा अर्ज केला. पेटंट १९८६ मध्ये मिळाले.

सुरुवातीला त्याला स्वतःच माल काढायचा होता. पहिल्या १,००० नगांना २ लाख डॉलर खर्च येईल, असे कारखान्याने सांगितले. म्हणजे एका पिचकारीला २०० डॉलर. तेवढा पैसा त्याच्याकडे नव्हता. तेव्हा त्याने परवाना देण्याचा मार्ग धरला. आधी केलेली बोलणी फिसकटली. १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात त्याची गाठ लारामी या कंपनीच्या अधिकाऱ्याशी पडली. फिलाडेल्फियाला कधी आलात तर या, मुद्दाम येऊ नका, असे उत्तर मिळाले. जॉन्सन घरी गेला. पीव्हीसी पाइप, पारदर्शक प्लॅस्टिक आणि थंड पेयाची रिकामी बाटली वापरून त्याने नवा नमुना केला आणि बॅगेत घालून फिलाडेल्फियाला नेला. बैठकीच्या खोलीत बॅग उघडली आणि खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाण्याची धार सोडली. पुढे फार बोलावे लागले नाही.

१९९० मध्ये पिचकारी बाजारात आली. १९९१ मध्ये 'सुपर सोकर' या नावाने तिची विक्री २० कोटी डॉलरच्या वर गेली.

शोध सुचला १९८२ मध्ये, करार झाला १९८९ मध्ये. मधली सात वर्षे लक्षात ठेवावीत. या गोष्टीचा शेवटचा भाग आम्ही पुढे सांगणार आहोत, आणि तोच सर्वात महत्त्वाचा आहे.

पहिले काम : तारीख पक्की करणे

आपल्या देशात पेटंट कायदा १९७० चा आहे. महाराष्ट्र आणि गोव्याचे अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात. हे कार्यालय अँटॉप हिल येथे बौद्धिक संपदा भवनात आहे. अर्ज इंटरनेटवरूनही करता येतो.

वस्तू पूर्ण झाली नसेल तर आधी प्रोव्हिजनल, म्हणजे प्राथमिक अर्ज करता येतो. एकट्या व्यक्तीने इंटरनेटवरून केलेल्या अर्जाचे मूळ शुल्क आज १,६०० रुपये आहे. या अर्जाने आपली तारीख पक्की होते. त्यानंतर १२ महिन्यांच्या आत पूर्ण विवरणाचा अर्ज केलाच पाहिजे, नाही तर पहिला अर्ज सोडून दिला असे धरले जाते. पुढे अर्जाची तपासणी व्हावी म्हणून वेगळी मागणी करावी लागते. तिचे शुल्क एकट्या व्यक्तीला ४,००० रुपये आहे. अर्जदार स्त्री असेल तर लवकर तपासणीची मागणी करता येते, हे आमच्या भगिनींनी लक्षात ठेवावे. मंजूर झालेले पेटंट अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे टिकते. मात्र ते चालू ठेवण्यासाठी तिसऱ्या वर्षापासून पुढे दरवर्षी शुल्क भरावे लागते.

एजंटकडून अर्ज लिहून घेतला तर त्याची फी वेगळी. ती आधी लेखी विचारून घ्यावी. शोधाची हद्द ठरवणारी वाक्ये नीट लिहिली नाहीत, तर कुंपणाला भगदाड राहते. म्हणून जमल्यास जाणकाराचा हात घ्यावा.

काही गैरसमजही दूर करावेत. वस्तूचे चित्र रजिस्टर्ड पोस्टाने स्वतःलाच पाठवून पाकीट न फोडता ठेवले की पेटंट मिळते, असे काही जण सांगतात. तसे काही मिळत नाही. साऱ्या जगाचे एकच पेटंट असा प्रकारही नाही. प्रत्येक देशाचे पेटंट वेगळे. आणि अर्ज म्हणजे पेटंट नव्हे. 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' असे सांगावे. पेटंट मिळाले आहे असे खोटे छापले तर दंड होतो.

अर्जाआधी आणखी एक शोध घ्यावा लागतो. आपल्यासारखी वस्तू कोणी आधीच केली आहे काय? भारतीय पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर आणि गुगल पेटंट्सवर जुनी पेटंटे फुकट पाहता येतात. आमचा तरुण तीन रात्री बहिणीला शेजारी बसवून हेच करीत होता. इंग्रजी तिचे बरे, यंत्राची समज त्याची. त्याच्या वस्तूच्या जवळ जाणारी दोन जुनी पेटंटे निघाली. आधी तो खचला. मग शांतपणे चित्रे पाहिल्यावर त्याच्या लक्षात आले की त्या दोन्हींत जी अडचण राहिली आहे, नेमकी तीच त्याने सोडवली आहे. आता 'तुझ्या वस्तूत नवे काय' या प्रश्नाला त्याच्याकडे एका वाक्याचे उत्तर आहे. जुन्या माहितीतल्या दोन वस्तू नुसत्या शेजारी बसवल्या आणि प्रत्येक आपापले जुनेच काम करीत राहिली, तर कायदा त्याला शोध मानत नाही. नवेपण केवळ आकारात किंवा दिसण्यात असेल, तर पेटंट नव्हे, डिझाइनची नोंदणी करावी. तिचा कायदा २००० सालचा वेगळा आहे.

ज्यांनी कोणत्याही संस्थेच्या मदतीशिवाय स्वतःच्या अकलेने शोध लावला, त्यांच्यासाठी गांधीनगरजवळची नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन ही संस्था २००० सालापासून काम करते. निवडलेल्या शोधांना ती पेटंटच्या कामात मदत करते. विदर्भातल्या वाचकांना सांगायचे तर, पेटंटच्या विषयाचे शिक्षण देणारी केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था नागपुरात आहे.

मालक कोण, हे घरातच ठरवा

शोध दोघा मित्रांनी मिळून केला असेल, तर दोघांची नावे अर्जात घालावीत. मात्र कायद्याने एका भागीदाराला दुसऱ्याच्या संमतीशिवाय परवाना देता येत नाही. आज गळ्यात गळा आहे, उद्या भांडण झाले तर करार अडकतो. म्हणून कोणाचा वाटा किती, बोलणी कोण करणार, हे साध्या कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात.

दुसरे, नोकरीचे पत्र काढून वाचावे. कामाच्या वेळेत, मालकाच्या मशीनवर, मालकाच्या सामानातून वस्तू केली असेल, तर मालक हक्क सांगू शकतो. आमच्या तरुणाने काम घरी केले होते, पण दोन भाग वर्कशॉपच्या लेथवर कातले होते. त्याने मालकाला आधीच सांगितले आणि 'माझा यावर हक्क नाही' असे लिहून घेतले. मालक भला होता. भल्या माणसाकडूनही लिहून घेण्यात काही वाईट नाही.

पिशवीत काय न्यावे

कंपनीच्या साहेबाकडे वेळ थोडा असतो. म्हणून चार गोष्टी तयार ठेवाव्यात.

पहिली, चालणारा नमुना. तो देखणा नसला तरी चालेल. जॉन्सनच्या नमुन्याला थंड पेयाची बाटली होती. पण साहेबासमोर तो चाललाच पाहिजे. आमच्या तरुणाने घरी २०० वेळा वस्तू चालवून पाहिली. १४० च्या सुमारास एक खिळा सैल झाला. तो कंपनीत सैल झाला असता तर?

दुसरी, एका पानाचे माहितीपत्रक. वर एक चित्र. खाली कोणाची कोणती अडचण यामुळे दूर होते ते एका वाक्यात. मग तीन फायदे, अर्जाचा क्रमांक आणि आपला फोन. आपल्या कष्टांची कहाणी त्यात घालू नये. कंपनीला आपली दया नको असते, विकता येईल असा माल हवा असतो.

तिसरी, खर्चाचा हिशेब. पत्रा किती, स्प्रिंग किती, मजुरी किती, रंग किती. दहा नगांना काय पडते आणि दहा हजारांना काय पडेल. बी.कॉम. झालेल्या बहिणीने हा हिशेब वहीच्या दोन पानांत मांडला. बाजारात तशाच कामाच्या वस्तू काय भावाने मिळतात, हे पाहायला बापलेक शनिवारच्या सुट्टीत पाच दुकाने फिरले. त्याच वस्तूंच्या खोक्यांवरून कंपन्यांची नावे आणि पत्ते मिळाले. कोणत्या कंपनीकडे जायचे, याची यादी दुकानातच तयार होते.

चौथी, तोंडी तयारी. दोन मिनिटांत सांगून झाले पाहिजे. रात्री जेवणानंतर घरातली मंडळी समोर बसायची आणि तो बोलायचा. आई म्हणाली, "पण हे बिघडलं तर दुरुस्त कोण करणार?" याचे उत्तर त्याच्याकडे नव्हते. आठ दिवसांनी झाले. कंपनीतही पहिल्याच बैठकीत हाच प्रश्न आला.

भेटीआधी गोपनीयतेच्या करारावर सही मागावी. मोठ्या कंपन्या बहुधा देत नाहीत. उलट आपल्याच कागदावर 'तुमची माहिती गुप्त ठेवण्यास आम्ही बांधील नाही' असे छापून आपली सही घेतात. असा कागद वाचल्याशिवाय सही करू नये. जेवढे अर्जात लिहिले आहे तेवढेच दाखवावे. त्यापुढची सुधारणा सुचली असेल तर ती पोटातच ठेवावी. भेट झाली की त्याच दिवशी तारीख, वेळ, कोण हजर होते आणि काय बोलणे झाले, हे वहीत उतरवावे.

हे सगळे करूनही वाट सोपी असते असे नाही. थांबून थांबून फिरणाऱ्या मोटारीच्या वायपरचा शोध लावणारे रॉबर्ट कर्न्स यांनी १९६३ मध्ये आपले यंत्र फोर्ड कंपनीला दाखवले. कंपनीने पुढे त्यांना बाजूला ठेवून तसे वायपर बसवले. त्यांच्याजवळ पेटंटे होती. तरी १९७८ मध्ये दावा लावून १९९० मध्ये तडजोडीचे सुमारे १ कोटी डॉलर मिळेपर्यंत आयुष्याचा मोठा भाग कोर्टात गेला. पेटंट म्हणजे कुलूप. चोर आला तर ओरडावे आपल्यालाच लागते. पण कुलूपच नसेल तर ओरडून उपयोग नाही.

कागदावर काय असावे

परवान्याचा करार लेखीच असावा लागतो. तोंडी शब्दाला कायद्यात किंमत नाही. त्यात पाच गोष्टी जरूर पाहाव्यात. परवाना एकट्या त्याच कंपनीला आहे की इतरांनाही देता येईल? किती वर्षांसाठी? सुरुवातीला आगाऊ रक्कम किती? माल खपो न खपो, वर्षाला किमान किती रॉयल्टी? कंपनीने ठरल्या मुदतीत माल काढलाच नाही, तर हक्क परत मिळेल काय?

टक्केवारी कशावर मोजतात, तेही पाहावे. समजा वस्तू दुकानात ५०० रुपयांना मिळते आणि कंपनी ती व्यापाऱ्याला २५० ला देते. रॉयल्टी ४ टक्के असेल, तर दुकानाच्या किमतीवर नगामागे २० रुपये होतात, कंपनीच्या भावावर १०. दहा हजार नगांवर हा फरक १ लाखाचा आहे. बहुतेक कंपन्या स्वतःच्या भावावरच देतात, तेही वाहतूक आणि सूट वजा करून. ते मान्य करायलाही हरकत नाही. पण काय वजा होणार, हे एकेक करून लिहिलेले असावे.

आता जॉन्सनच्या गोष्टीचा शेवट. १९९५ मध्ये हॅस्ब्रो या मोठ्या कंपनीने लारामी विकत घेतली. काही वर्षांनी आपल्या शोधावर आधारलेल्या खेळण्यांची रॉयल्टी कमी मिळते आहे, असे जॉन्सनचे म्हणणे पडले. लवाद बसला. २००७ ते २०१२ या काळातली थकलेली रॉयल्टी म्हणून २०१३ मध्ये त्याला ७ कोटी २९ लाख डॉलर मंजूर झाले. एवढ्या यशस्वी माणसालासुद्धा आपला हिस्सा भांडून मोजून घ्यावा लागला. म्हणून विक्रीची वह्यापुस्तके आपल्या हिशेबनिसाकडून तपासून घेण्याचा हक्क करारात लिहून घ्या. हे एक कलम नसेल तर बाकीची टक्केवारी म्हणजे नुसते आश्वासन.

एक सावधगिरीचा शब्द. 'तुमचा शोध मोठ्या कंपनीला विकून देतो, आधी अमुक हजार भरा' असे सांगणारे मध्यस्थ भेटतात. ज्याला खरेच शोध विकायचा असतो, तो विकल्यावर आपला वाटा मागतो. फंडाचे पैसे, आईचे मंगळसूत्र अशा माणसाच्या हाती देऊ नये.

त्या तरुणाचे काय झाले?

अर्ज झाला. क्रमांक असलेली पावती त्याच्या वडिलांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाशेजारी ठेवली आहे. पहिल्या कंपनीने नकार दिला. दुसरीने उत्तरच दिले नाही. तिसऱ्या ठिकाणी साहेबांनी वस्तू दोनदा चालवून पाहिली आणि म्हणाले, "नमुना ठेवून जा." त्याने खिशातून आधीच लिहून नेलेला कागद काढला. नमुना अमुक तारखेस पाहण्यासाठी दिला, अमुक तारखेस परत मिळेल. साहेबांनी त्याच्याकडे एकदा पाहिले आणि सही केली. बोलणी अजून चालू आहेत. होईल, न होईल. नाही झाले तर यादीत आणखी नऊ नावे आहेत.

पूर्ण विवरणाचा अर्ज झाला आणि त्याने स्वतः हो म्हटले, की आम्ही तो फोटो खणातून बाहेर काढू. तोवर तुमच्या घरात कोणी रात्री जागून काही बनवीत असेल, तर आधी त्याला हा लेख वाचून दाखवा आणि मगच शेजाऱ्यांना बोलवा.